चार वेळा वीस

छातीत पाणी झालेल्या माणसाला सगळ्यात आधी एकच विचारायचं असतं: किती दिवस? म्हणून तेवढं आधी सांगून टाकतो. मी दवाखान्यात त्रेसष्ट दिवस होतो. छातीतून दोनदा पाणी काढलं. इंजेक्शनं साठापर्यंत मोजली, मग मोजणं सोडलं. घरी आल्यावर दीड वर्ष गोळ्या घेतल्या. आता बरा आहे. कचेरीचा जिना बावीस पायऱ्यांचा आहे, तो मधे न थांबता चढतो. ज्याला हे दुखणं नुकतंच सांगितलं गेलं आहे, त्यानं एवढं वाचून कागद खाली ठेवला तरी माझी हरकत नाही.

पुढचं लिहितो आहे ते नर्सिंगच्या शाळेतल्या एका शिक्षिकेसाठी, तिच्या एका विद्यार्थिनीसाठी आणि थोडं माझ्यासाठी.

*

मी श्रीगोंद्याला तालुका कचेरीत कारकून. तेव्हा वय शेहेचाळीस. दुष्काळाचं साल होतं. दुष्काळी कामांवर हजेरीपट तपासायला फिरावं लागे, धूळ खावी लागे. खोकला लागला तो धुळीचाच म्हणून दोन महिने काढले. दुपारी तीनच्या सुमारास अंग कढत होई, तेही उन्हाचं म्हणून सोडून दिलं. पण वजन अठ्ठावन्न किलोवरून सत्तेचाळीसवर आलं, आणि डाव्या कुशीवर झोपणं अशक्य झालं. तेव्हा थोरले बंधू अण्णा आणि पत्नी सरस्वती मला एस.टी.त घालून नगरला घेऊन आले.

तिथल्या डॉक्टरांनी माझी पाठ बोटांनी वाजवून पाहिली. रांजण भरला आहे की रिकामा हे बघायला आपण टिचकी मारतो, तसं. उजवीकडे आवाज पोकळ आला, डावीकडे बद्द आला. तो फरक मलाही ऐकू आला. डॉक्टर म्हणाले, "डाव्या बाजूला पाणी साठलंय. क्षयाचं आहे. औषध आहे, बरं होतं."

तीन वाक्यं होती. मला मधलं तेवढं ऐकू आलं.

बाहेर आल्यावर अण्णा हळू आवाजात म्हणाला, "गावात न्युमोनिया म्हणायचं. पोरीचं जमायचं हाय अजून." आम्ही बाकावर बसलो होतो. मला दिलेला चहा अर्धा उरला होता. सरस्वतीनं तो कप उचलला, तोंडाला लावला आणि संपवला. अण्णानं पाहिलं आणि मान फिरवली. पुढच्या त्रेसष्ट दिवसांत मला पुष्कळांनी धीर दिला, पण पहिला धीर तो होता.

*

माझी खाट चौदा नंबरची. पायाशी एक तक्ता टांगलेला असे. त्यावर तीन ओळी: ताप, नाडी, श्वास. सकाळी सातला आणि दुपारी दोनला तिन्हींची नोंद व्हायची. आकड्यांशिवाय मला करमत नाही, म्हणून मी एक वही मागवून घेतली आणि तक्त्यावरचे आकडे रोज उतरवून ठेवू लागलो. सरस्वती म्हणायची, "कचेरी सुटली नाहीच का?"

नोंदी करायला यायच्या त्या नर्सिंगच्या शाळेतल्या मुली. आमच्या वॉर्डात दुसऱ्या वर्षाची रत्ना होती. पाथर्डीकडची, अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. मी वही काढली की म्हणायची, "मामा, तुमी पेशंट हाय का इन्स्पेक्टर?" सगळा वॉर्ड हसायचा, मीसुद्धा.

या मुलींना शिकवणाऱ्या बाई म्हणजे साळवे सिस्टर. बेलापूरजवळच्या एका खेड्यातल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. बावीस वर्षं त्या शिकवत होत्या. वॉर्डातला आया-मामांपासून डॉक्टरांपर्यंत जो तो त्यांना ट्यूटरबाई म्हणे. नवी मुलगी शाळेत आली की बाई तिला पहिल्या आठवड्यात एक अख्खा दिवस खाटेवर पेशंट म्हणून निजवत. उठायचं नाही, हातानं जेवायचं नाही, दुसरी भरवेल ते गिळायचं, आणि भांडंही खाटेवरच घ्यायचं. रत्ना सांगायची, "दुपारपर्यंत मी रडले मामा. काय झालं न्हवतं तरी. भांडं इतकं गार की जीव गेला." त्या दिवसापासून भांडं ऊन पाण्यानं विसळून, पुसून मग पेशंटला द्यायचं हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

बाई स्वतः पेशंटला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊन करत. मग मनगट धरत. पहिल्यांदा पाणी काढलं त्या दिवशी मी उशीवर ओणवा होऊन बसलो होतो, पाठीमागे डॉक्टर सुई घेऊन, आणि समोर स्टुलावर बाई माझं मनगट धरून. त्यानंतरही फेरीला आल्या की त्या असंच धरून बसत. माझ्या घड्याळाप्रमाणे नाडी मोजायला एक मिनिट लागतं. बाई तीन मिनिटं हात सोडत नसत. मी वहीत लिहून ठेवलं: "ट्यूटरबाई, तीन मिनिटे." दिवसभरात मला भीती वाटत नसे अशी ती तीन मिनिटं होती. एरवी वाटायची. मुलीच्या लग्नाची, सरस्वतीच्या पुढच्या आयुष्याची आणि मरणाची, याच क्रमानं.

*

एकोणिसाव्या दिवशी मला पुन्हा दम लागू लागला. मी रत्नाला म्हटलं, "जरा धाप लागतीय गं." ती म्हणाली, "संडासापर्यंत चालत गेला असाल. सांगितलंय ना, हळूहळू जावा म्हणून." तिनं नाडी पाहिली, तक्त्यावर लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी वहीत उतरवलं. श्वास वीस.

दुपारी वीस. विसाव्या दिवशी सकाळी वीस, दुपारी वीस.

मला बोलताना वाक्य तोडावं लागत होतं. तरी तक्त्यावर वीस आहे म्हटल्यावर अशक्तपणा असेल असं मी धरून चाललो. आकडा माझ्या छातीपेक्षा खरा मानायची माझी सवय.

त्या दुपारी तीनला ट्यूटरबाई पहिल्या वर्षाच्या मुलींना घेऊन वॉर्डात आल्या. माझ्या खाटेशी थांबल्या, तक्ता वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. तळवे घासले आणि मनगट धरलं. मी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटांतच त्यांनी हात हळूच खाली ठेवला आणि एका मुलीला म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलव. धावू नकोस, पेशंट घाबरतात. भरभर जा." मग दुसरीला हलक्या आवाजात आकडा सांगितला. मला ऐकू आला. छत्तीस.

त्या दिवशी दीड लिटर पाणी काढलं. डॉक्टर सरस्वतीला म्हणाले की उद्यापर्यंत तसंच राहिलं असतं तर अवघड होतं. किती अवघड, ते तिनं विचारलं नाही.

*

रविवारी अण्णा आला. सगळं ऐकून त्याचा चेहरा लाल झाला. "मोजलंच न्हाई? आन् लिहून मोकळी? बापू, तू अर्ज लिही. तुझ्यासारखा अर्ज तालुक्यात कुणी लिहीत न्हाई."

ते खरं होतं. मी उशीला टेकून लिहायला घेतलं. विषय, खाटेचा नंबर, तारखा, वेळा, चारही नोंदी, बाईंनी मोजलेला आकडा, काढलेलं पाणी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. अर्जाच्या शेवटी "तरी" असं लिहून विनंती करायची असते. मी "तरी" लिहिलं आणि तिथं थांबलो.

"लिही की, काढून टाकावं म्हणून," अण्णा म्हणाला.

सरस्वती हळूच म्हणाली, "दोन दिवस ती पोर जेवली नाही म्हणतात."

"हा गेला असता तर आपण जेवलो असतो का?" अण्णानं विचारलं.

मी कागदाची घडी केली.

संध्याकाळी ट्यूटरबाई आल्या. घडी केलेला कागद त्यांनी पाहिला. म्हणाल्या, "अर्ज लिहिलात? बरं केलंत. मीही मेट्रनबाईंकडे दिलाय लिहून. त्यात पहिलं नाव माझं आहे."

"तुमचं का?"

"मी शिकवते म्हणून. पुस्तकात लिहिलंय, निरोगी माणसाचा श्वास सोळा ते वीस. मुली तो वीस धरून ठेवतात. मी दरवर्षी रागावते आणि पुढच्या वर्षी परत कुणाच्या तरी तक्त्यावर वीस सापडतो. मग चूक मुलीचीच कशी म्हणू?" त्यांनी चष्मा पुसला. "उद्या दहाला मेट्रनबाई ठरवतील. रत्नाला ठेवायचं की घरी पाठवायचं, ते तुमचा कागद पाहून ठरेल. तुम्हाला वाटतं तेच लिहा. माझ्याकडे बघून लिहू नका."

एवढं बोलून त्या उठल्या. त्या संध्याकाळी त्यांनी हात धरला नाही. बहुधा मुद्दामच.

*

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

आमच्या कचेरीच्या परसात पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला जाऊन पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा हे काम माझ्याकडे. त्या साली भाद्रपदात आभाळ कोरडं ठाक. रोज जायचं, झाकण काढायचं, शून्य लिहायचं. काही दिवसांनी मी जाणं सोडलं. टेबलावर बसूनच शून्य लिहू लागलो. असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी शिपाई म्हणाला, "सायेब, त्या मापात पानी हाय." गेलो. नऊ मिलिमीटर. कुठल्या तरी रात्री सर येऊन गेली होती आणि मला पत्ता नव्हता. कोणत्या दिवशीची, ते कळायला मार्ग नव्हता. मी ते नऊ मिलिमीटर त्या दिवसावर लिहिले आणि वही मिटली.

ज्या साली तालुका थेंबाथेंबाकडे डोळे लावून बसला होता, त्या साली. माझी सही असलेल्या वहीत.

*

सोमवारी सकाळी सातला रत्ना खाटेशी आली. डोळे सुजलेले. तिनं थर्मामीटर झटकला. मी विचारलं, "मोजलं का नाहीस?"

ती तक्त्याकडे बघतच म्हणाली, "नाडी मोजायला काय वाटत न्हाई मामा. पन श्वास मोजायचा तर गड्यामानसाच्या छातीकडं मिनिटभर टक लावून बघावं लागतं. तुमी माझ्याकडं बघताय, मी तुमच्याकडं. त्या नऊ नंबरवाल्यानं एकदा विचारलं, काय बघती गं? सगळे हसले. लाज वाटती. तवापासून मी लिहितीच वीस. आन् बहुतेकांचं असतंय बी वीसच."

"माझ्या मापातही बहुतेक शून्यच असायचं," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही. मग मी तिला सतरा दिवसांची हकिकत सांगितली. सरस्वती शेजारी बसून ऐकत होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि हे तिनंही पहिल्यांदाच ऐकलं.

रत्ना गेल्यावर मी अर्ज उघडला. वरची एकही ओळ बदलली नाही, कारण ती खरी होती. "तरी" च्या पुढे लिहिलं: "सदर विद्यार्थिनीस शाळेत ठेवून, मी येथे असेपर्यंत रोज दोन वेळा माझा श्वास माझ्यासमक्ष पूर्ण एक मिनिट मोजण्यास लावावे, ही विनंती." खाली सही केली.

अण्णा मुक्कामाला होता. त्यानं कागद वाचला आणि माझ्या मांडीवर टाकला. "हा अर्ज हाय का आशीर्वाद? तुझ्या जिवाची तुलाच किंमत न्हाई, मग आमी कशाला जीव टाकायचा?" चहा न घेता तो एस.टी. स्टँडवर निघून गेला. मला वाईट वाटलं. तो माझ्यासाठीच रागावला होता.

मेट्रनबाईंनी रत्नाला ठेवलं, पण तिचं वर्ष सहा महिन्यांनी लांबवलं. माझा अर्ज मंजूर झाला.

*

आणि मंजूर झाल्यावर कळलं की मी मूर्खासारखी विनंती केली होती.

रत्ना समोर उभी राहून, घड्याळ हातात धरून माझ्या छातीकडे बघायची. मी ताठ व्हायचो. पहिल्या दिवशी आला चौदा. दुपारी आला सव्वीस. दुसऱ्या दिवशी मी श्वास घ्यायचाच विसरलो आणि मग एकदम खोकला आला. रत्ना वैतागली, "मामा, तुमी नीट घ्या की श्वास!"

"तू नीट मोज की!"

"मी मोजतीय वो, तुमीच चोरताय!"

नऊ नंबरवाला उशीत तोंड खुपसून हसत होता. ट्यूटरबाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अर्ज चांगला आहे बापूराव, पण पद्धत माझी चालेल. रत्ना, तळवे घास."

तिनं घासले.

"मनगट धर. बोटं नाडीवर. नाडी मोज. झाली? आता हात सोडू नकोस. तसाच ठेव, नाडी बघतेयस असंच वाटू दे. नजर चादरीच्या घडीवर. घडी वर येते, खाली जाते. मोज."

मिनिटभरानं रत्ना म्हणाली, "बावीस." मग स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "छातीकडं बघावंच लागत न्हाई."

"लागत नाही. वर्गात सांगितलं होतं, पण हात धरून दाखवलं नव्हतं. ते राहिलं माझ्याकडून," बाई म्हणाल्या.

मला मात्र काहीतरी टोचलं. मी विचारलं, "म्हणजे बाई, तुम्ही माझा हात धरून बसत होता ते श्वास मोजत होता?"

"हो."

"मला वाटायचं..." शेहेचाळीस वर्षांच्या माणसानं काय बोलावं?

बाईंनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. "बापूराव, नाडी लांबून मोजता येत नाही, जवळ बसून हात हातात घ्यावाच लागतो. नोकरीला लागल्यापासून मला या गोष्टीचं फार बरं वाटत आलंय." एवढं बोलून त्या नऊ नंबरकडे वळल्या. "आणि तुम्ही! या मुलीला काय बघती म्हणून विचारणारे तुम्हीच का? उद्यापासून तुमचे श्वासही हीच मोजणार."

दुपारी मी वही काढून मागचं पान पाहिलं. "ट्यूटरबाई, तीन मिनिटे." नाडीचं एक. श्वासाचं एक. मी दोनदा बेरीज केली. एक मिनिट उरत होतं. ते कशाचं, हे मी बाईंना कधी विचारलं नाही.

*

पुढच्या रविवारी अण्णा आला. पिशवीतून मोसंबी काढली, एक सोलली, फोडी माझ्या हातावर ठेवल्या आणि एक स्वतःच्या तोंडात टाकली. माझ्याच हातावरची. सरस्वतीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

त्रेसष्टाव्या दिवशी घरी जाताना माझं वजन बावन्न होतं आणि श्वास अठरा. शेजाऱ्यांनी विचारलं तर सरस्वतीनं सरळ सांगितलं, क्षय होता, औषध चालू आहे. मुलीचं स्थळ त्यामुळे एक गेलं. दुसरं आलं.

ज्यांना हे दुखणं आहे त्यांना माझं सांगणं इतकंच. दम लागला तर तक्त्यावर काय लिहिलंय ते बघत बसू नका, सांगा. एकदा सांगून ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. मी एकदाच सांगितलं, तेवढी चूक माझीही होती. आणि गोळ्या बरं वाटल्यावर सोडू नका.

तीन महिन्यांनी कामावर रुजू झालो. पहिल्या दिवशी पर्जन्याची वही काढली, भाद्रपदातलं पान उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "वरील नऊ मिलिमीटर पाऊस कोणत्या दिवशी पडला ते निश्चित नाही. त्याआधीचे सतरा दिवस मोजणी केलेली नाही." खाली सही केली आणि तारीख घातली. साहेबांनी बोलावलं, खुलासा मागितला, तो मी दिला. माझ्या नोकरीच्या नोंदीत एक ठपका आला. तो आहे.

त्याच महिन्यात तपासणीला नगरला गेलो. बाहेरच्या खोलीत रत्ना कामावर होती. थोडी भरली होती. मला पाहून म्हणाली, "आलं का इन्स्पेक्टर!" मी तिला शेऱ्याचं सांगितलं. ती हसली नाही. तिनं तळवे एकमेकांवर घासले आणि माझं मनगट धरलं. भोवती पन्नासेक माणसं, पोरांचं रडणं, कुणीतरी नंबर पुकारत होतं. ती चादरीच्या घडीऐवजी माझ्या सदऱ्याच्या गुंडीकडे बघत होती.

"अठरा," ती म्हणाली. पण हात तिनं सोडला नव्हता.

माझ्या दुसऱ्या मनगटावर घड्याळ होतं. मी तिकडे पाहिलं नाही.